होडीच्या पाठीचं तांबं

"हे दुधाचं कॅन न्हाई, पोरी," मल्लाव चेअरमन म्हणाले. "चार रिबिटं मारली आन् दिलं गिऱ्हाइकाच्या हातात, असलं काम न्हाई हे. सरकारी होडी हाय."

मी होडीच्या मागे चिखलात उकिडवी बसले होते. मांडीवर मशीनचा खोका, तोंडात पेन्सिल. पेन्सिल काढली आणि म्हणाले, "पत्रा तर कॅनचाच दिसतोय, चेअरमन. सरकारला दुसरा मिळाला नाही वाटतं."

घाटावर जाळी सांधत बसलेले दोघे-तिघे हसले. चेअरमननी वळून पाहिलं तशा त्यांच्या माना पुन्हा जाळ्यात गेल्या.

"शुक्रवारी साहेब येनार हायेत. तवर मशीन बसलं न्हाई तर माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

"रडायला मला माझं घर आहे. तुमच्याकडं कशाला येऊ?"

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि नवरा जाऊन तीन महिने झाले होते. अंकुश नगरे त्याचं नाव. धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारं भोयांचं घर. त्याने सरकारी योजनेत अ‍ॅल्युमिनियमच्या होडीसाठी अर्ज केला, अर्ज दोन वर्षं कुठल्या कुठल्या टेबलांवर झोपा काढत राहिला, आणि होडी टेम्पोतून घाटावर उतरली तेव्हा अंकुश काविळीने गेलेला होता. होडीबरोबर एक मोटर आणि एक मशीन. हे मशीन पाणी किती खोल आहे आणि खाली मासा कुठे आहे ते पाटीएवढ्या पडद्यावर दाखवायचं.

नियम असा होता की खात्याचे साहेब येतील तेव्हा होडी मोटर-मशीनसकट पाण्यात चालली पाहिजे, आणि मच्छीमार सोसायटीच्या सभासदांची हरकत नसली पाहिजे. मग होडी वारसाच्या नावावर. नाहीतर सोसायटीकडे जमा. आणि सोसायटी म्हणजे मल्लाव चेअरमन, हे घाटावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याला विचारलं तर त्याला आठ दिवस वेळ नव्हता. तालुक्याच्या फिटरला फोन केला, तर त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. सोमवारी मी विचारणं बंद केलं. ही होडी मला पाहिजे होती. अंकुशची आठवण म्हणून वगैरे नाही, तसलं बोलायला मला तेव्हा उसंत नव्हती. आठ वर्षं मी त्याच्या जोडीला बसून जाळी ओढली होती, ती जुनी लाकडी होडी आता कुजली होती. मला पाण्यावर जायचं होतं, आणि दुसऱ्याच्या होडीत हिश्श्यावर नाही.

आता चेअरमन कॅनवरून का बोलले ते सांगते. मी ओताऱ्याची मुलगी. तालुक्याच्या डेअरीच्या गेटसमोर माझ्या वडिलांचं, आबांचं, दुकान होतं. दुधाची अ‍ॅल्युमिनियमची कॅनं दुरुस्त करायची. पोचे काढायचे, कड्या बसवायच्या, बुडं बदलायची. मी दहा वर्षांची असल्यापासून ऐरणीसमोर बसले. पुढे एक भोयाचा मुलगा बर्फ न्यायला डेअरीत यायला लागला. त्याला बर्फापेक्षा कॅनमध्ये जास्त रस दिसला, आणि मग आमचं लग्न झालं. पळून नाही, पण दोन्ही घरांनी तोंड फिरवल्यावर चालत गेलं काय आणि पळत गेलं काय. अंकुश गेल्यावर मी आबांचं दुकान पुन्हा उघडलं होतं. तोवर स्टीलची कॅनं आली होती आणि दुकानाला माश्याच जास्त यायच्या.

मशीनच्या पुस्तकात चित्रं होती. पडदा वर, माणसाच्या समोर. आणि पाण्याखाली, होडीच्या मागच्या पाठीला, साबणाच्या वडीएवढा एक काळा तुकडा. पुस्तकात त्याला ट्रान्सड्यूसर म्हटलं होतं. तो खाली आवाज सोडतो आणि तळावरून परत आलेला आवाज ऐकतो, म्हणून मी त्याला कान म्हणायला लागले. आमच्या फुगवट्यावर आजही सगळे त्याला कानच म्हणतात.

पुस्तक म्हणत होतं, पाठीला पाण्याखाली भोकं पाडा आणि स्क्रूने कान बसवा. मी ते मानलं नाही. ज्याने कॅनं दुरुस्त केलीत तो चांगल्या पत्र्याला पाण्याखाली भोक पाडत नाही. दुकानाच्या काउंटरची सागवानी फळी काढली, वीतभर लांब आणि इंचभर जाड ठोकळा कापला. ठोकळा पाठीला गमाने चिकटवायचा आणि कान ठोकळ्याला स्क्रूने. पत्र्याला धक्का नाही.

पण चिकटवण्याआधी जागा ठरवायला हवी होती. मंगळवारी ठोकळा नुसता शिकंज्यात धरला, होडी पाण्यात घातली आणि मोटर चालू केली. उभ्या होडीत पडद्यावर आकडा आला, नऊ फूट. मी "आला गं बाई" म्हणून ओरडलेसुद्धा. वेग दिला तसा आकडा गेला. नुसत्या रेघोट्या. थांबले की आकडा हजर, चालले की गायब. दोन तास मी पुढे-मागे करत राहिले. काठावर चेअरमनचा मुलगा मोटरसायकलवर बसून शेंगा खात होता, त्याची मस्त करमणूक झाली.

शेवटी मोटर तशीच चालू ठेवली आणि मागे वाकून पाण्याकडे पाहत बसले. होडीच्या बुडाला रिबिटांची एक लांब ओळ होती. चालत्या होडीत त्या ओळीमागून पाण्याला फेस येत होता, आणि मी कान नेमका त्या फेसात बसवला होता. डेअरीत कुणी फेसावर पट्टी घालून दूध मोजत नाही. फेस बसू देतात, मग मोजतात. इतकी वर्षं गेटवर बसून मला हे कळायला दोन तास लागले, याचा मला माझाच राग आला. कान ओळीपासून वीतभर उजवीकडे घेतला, मोटरच्या पात्यापासूनही लांब. बुडाच्या पत्र्याखाली नखाएवढाच उतरेल असा. मग सुसाट सोडली होडी. नऊ, अकरा, चौदा. आकडा ढळला नाही. चेअरमनच्या मुलाने शेंगांची टरफलं झटकली आणि गेला.

बुधवारी ठोकळा कायमचा चिकटवला. अ‍ॅल्युमिनियम घासलं की चकाकतं, पण बघता बघता त्याच्यावर बारीक साय धरते. त्या सायीवर गम लावला तर तो सायीला चिकटतो, पत्र्याला नाही. म्हणून गम लावून ओल्या गमातच पॉलिशपेपर फिरवायचा आणि लगेच ठोकळा दाबायचा. ही आबांची शिकवण.

मी ठोकळा दाबून बसले होते तेव्हा आत्याबाई घाटावर आल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, आवडाबाई. आमच्यात प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. लग्नानंतर चार वर्षं त्या माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलायच्या. पण अंकुश गेल्यावर चेअरमन घरी येऊन म्हणाले होते की होडी माझ्या धाकट्या दिराच्या, नवनाथच्या नावावर करू, तो कारखान्यात कामाला आहे तर चेअरमनचाच मुलगा चालवील. तेव्हा आत्याबाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. ते 'नाही' न म्हणणं माझ्या मनात सलत होतं.

"झालं का?" त्या म्हणाल्या.

"उद्यापर्यंत वाळलं की झालं."

"मग तांबं कवा?"

भोयांच्या प्रत्येक होडीच्या पाठीला, पाण्याखाली, एक तांब्याचा भोकाचा पैसा खिळ्याने ठोकलेला असतो. मी तो पाहिला होता. शकुनाचा असतो, एवढंच मला माहीत होतं. बाहेरून आलेल्या सुनेला कोण काय समजावून सांगतं!

"आत्याबाई, ह्या होडीला तांबं नको."

"का गं? हिला का नगं?"

"लाकडाच्या होडीची गोष्ट वेगळी. तांबं आणि हा पत्रा ओल्यात एकमेकांना लागले की तांबं पत्रा खातं. एका गवळ्यानं कॅनच्या कडीला पितळेची रिबिटं मारली होती. सहा महिन्यांत कडीभोवती पांढरी पूड झाली आणि बोट घातलं तर आरपार गेलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"कॅन," त्या म्हणाल्या. "सारखं कॅन. पहिलं जाळं पडायच्या आदी पाठीला तांबं लागतं. बिगरतांब्याची होडी घाटावर कुनाची बी नसती."

"ही माझी आहे."

"तू म्हनतीस म्हनून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, नवनाथ डोक्यात शिरला. त्या पदर खोचून निघून गेल्या. राग आला, पण ठोकळा मी सोडला नाही.

शुक्रवारी साहेब अकराला येणार होते. चार्जिंगला लावलेली बॅटरी आणायला मी पहाटेच गावात गेले. होडी काठावर ओंडक्यांवर ठेवलेली होती. परत आले तेव्हा आठ वाजले होते. बॅटरी खाली ठेवली, मागे जाऊन कानाची वायर तपासायला वाकले, आणि पैसा दिसला.

पाठीच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली वीतभर. तांब्याचा भोकाचा पैसा, चिंचेने घासून लाल केलेला. त्याच्या भोकातून लोखंडी खिळा नव्याकोऱ्या पत्र्यातून आरपार गेला होता. आत खिळ्याचं टोक बोटभर वर आलेलं, पत्रा फुलासारखा फाटलेला.

मी काय केलं ते सांगायला आजही बरं वाटत नाही. पकड घेतली आणि तो पैसा उपटला. आधी खिळा पिळला, मग पैशाखाली पटाशी घालून उचकटला. माझ्या तोंडून जे शब्द गेले ते आबांनी ऐकले असते तर ऐरणीवरून उठवलं असतं. पैसा निघाला, भोक राहिलं, करंगळी जाईल एवढं.

"काय केलंस?"

आत्याबाई मागे उभ्या होत्या. हातात हळदीकुंकवाचं ताट.

"तुम्ही काय केलंत ते आधी सांगा!" मी ओरडले. "तीन तासांवर साहेब आलेत आणि होडीला पाण्याखाली भोक! बुडाली पाहिजे ना माझी होडी? बुडवा. आणि द्या नवनाथभावजींना. चेअरमन चहाला येतील आता रोज!"

त्या ताट घेऊन तशाच उभ्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुढचं बोलायचं थांबले. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांना भांडता यायचं. पण त्यांनी ताट खाली ठेवलं आणि त्या भोकाला बोट लावलं.

"उपटलास," त्या शेवटी म्हणाल्या. "आगं, अंकुशचा पैसा म्या दहाव्याला काढला व्हता त्याच्या होडीचा. मेलेल्याचा काडत्यात. जित्या मानसाचा कोन काडतं गं?"

"म्हणजे?"

"तुला कुनी सांगितलंच न्हाई व्हय?"

"मला ह्या घरात कुणी काय सांगितलंय?"

त्या खाली बसल्या, चिखलातच. आणि मग सांगितलं. पैसा शकुनाचा नसतो. होडी ज्याची, त्याच्या आईने तो ठोकायचा, आणि ठोकताना त्याचं नाव घ्यायचं. घाटावर कागद नसतात. ज्याच्या आईने नाव घेऊन तांबं ठोकलं, होडी त्याची. त्यावर कुणी भोई पुन्हा तोंड उघडत नाही. आणि धनी गेला की पैसा काढायचा.

"मग तुम्ही हा कुणाच्या नावानं..."

"नवनाथच्या," त्या फणकारल्या. "नवनाथसाठनं म्हातारी पाच वाजता उटून चिकलात आली. आगं येडे, तुज्या! तुजं नाव घेतलं म्या. मल्लाव्यानं काल सांजच्याला पुन्हा निरोप धाडला व्हता. म्हनलं, त्यो घाटावर याच्या आत ठोकून मोकळं व्हावं. मग ऊर बडवू दे त्याला."

माझ्या हातात तो लाल पैसा होता. मला रडू आलं, आणि ते अंकुशसाठी नव्हतं. तो गेल्यापासून मी अंकुशसाठी रडले होते, चेअरमनच्या रागाने रडले होते. कुणी माझ्या बाजूने उभं राहिलं म्हणून रडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"रडतीस काय," आत्याबाई म्हणाल्या. "आता उपटला म्हंजे तूच उटलीस त्या होडीवरनं. पुन्हा ठोकाया पायजे. आन् ऐकाया बी चार मानसं पायजेत. पहाटं कुनी न्हवतं, ती माजीच चूक झाली."

"पत्र्यावर नाही ठोकायचा," मी नाक पुसत म्हणाले.

"आगं तुज्या त्या कॅनच्या..."

"आत्याबाई, पत्रा खाल्ला तर होडी जाईल. मग नाव घेऊन तरी काय उपयोग? तांबं पाठीला, पाण्याखाली पाहिजे ना? पत्र्याला लागलं तर खातं. लाकडाला लागलं तर नाही खात." मी कानाचा ठोकळा दाखवला. "हा पाठीलाच आहे. पाण्याखाली आहे. सागवानी आहे."

त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. हाताने चाचपला, दोन्ही हातांनी धरून हिसडून पाहिला. तो हलला नाही.

"चालंल," त्या म्हणाल्या. "पर आदी ते भोक बुजीव."

दुकानातली रिबिटं माझ्या पिशवीत होती, कॅनच्या कडीची, जाड अ‍ॅल्युमिनियमची. भोक साफ केलं, गम भरला. पण रिबिट एका माणसाने बसत नाही. बाहेरून रिबिटाच्या डोक्याला कुणीतरी जड लोखंड टेकवून धरावं लागतं आणि आतून ठोकावं लागतं. बाहेरचा हात हलला की रिबिट वाकडं होतं. आबा ठोकायचे तेव्हा लोखंड मी धरायचे.

"हे धरा," मी म्हणाले आणि घणाचं डोकं त्यांच्या हातात दिलं. "हात हलवायचा नाही. दणका बसेल हाताला."

"म्या तीन बाळंतपनं केल्यात. तुज्या दणक्याचं काय कवतिक."

मी होडीत चढले. त्या बाहेर चिखलात गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हातांनी लोखंड पत्र्याला दाबून. मला त्या दिसत नव्हत्या, नुसता श्वास ऐकू येत होता. मी ठोकायला लागले. पहिले दोन घाव मी जपून मारले.

"घाबरतीस काय?" खालून आवाज आला. "मार की."

मी मारला. अकरा घाव. रिबिटाचं टोक आत पसरून बटणासारखं गोल बसलं. उतरून बाहेरून पाहिलं तर डोकं पत्र्याला घट्ट बसलेलं. आत्याबाईंच्या तळव्यांना लाल वळ उठले होते. त्यांनी ते लुगड्याला पुसले आणि ताट उचललं.

"पदर नीट घे," त्या म्हणाल्या. "मानसं येत्यात."

साहेब साडेअकराला आले. तरुण होते, बूट चिखलात घालावेत की नाहीत या विचारात दोन मिनिटं उभे राहिले, मग घातले. घाटावर सोसायटीचे वीस-बावीस सभासद जमले होते. त्यांत बाबू नाना होते, सगळ्यात म्हातारे, पंचाहत्तरच्या पुढचे. चेअरमन धुतलेल्या कपड्यांत.

साहेबांना घेऊन मी होडी पाण्यात काढली. आधी उभी ठेवून आकडा दाखवला. मग वेग दिला. आकडा चौदा, सतरा, एकवीस, नदीच्या जुन्या पात्रावर चौतीस. पडद्यावर माशांच्या कमानी दिसायला लागल्या तसे साहेब पुढे वाकले आणि "अरे वा" म्हणाले. माझी नजर पडद्यावर नव्हती, पायाजवळच्या रिबिटावर होती. एक थेंब आला नाही.

काठाला लागलो तेव्हा साहेबांनी फाइल उघडली. "मशीन कुणी बसवलं?"

"मी."

"नीट बसवलंय." त्यांनी लिहिलं. "आता वारस म्हणून यांच्या नावे करायला सभासदांपैकी कुणाची हरकत?"

"हाय," चेअरमन म्हणाले. "साहेब, आमच्यात काही रीत हाय. बाईच्या नावानं होडी ह्या घाटावर कवा झाली न्हाई. धाकट्या भावाच्या नावं करा. आन् पाठीला तांबं नसलेली होडी आमी मानत न्हाई. इचारा सगळ्यांना. कुठाय हिच्या होडीला तांबं?"

माणसं कुजबुजली. तांब्याचं खरं होतं, ते कुणाला नाकारता येत नव्हतं.

"होडी फिरवा," आत्याबाई मागून म्हणाल्या.

त्या गर्दीतून पुढे आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात माझी हातोडी. मी होडी फिरवून पाठ काठावर ओढून घेतली. त्यांनी ठोकळ्याला हळदकुंकू लावलं. मी त्यांना पैसा दिला आणि अर्ध्या इंचाचा बारीक खिळा दिला, पत्र्यापर्यंत न पोचणारा.

"थांब आवडे," बाबू नाना म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, पण सगळे गप्प झाले. "तांबं कुनाच्या नावाचं?"

"सुनंच्या."

"तांबं आईनं ठोकायचं असतं. तिची आई न्हाई हितं."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या ठेंगण्या होत्या, मान वर करून बघावं लागायचं. "मग म्या कोन हाय?" त्या म्हणाल्या.

नाना एक पाऊल मागे सरले.

आत्याबाईंनी खिळा धरला. पहिला घाव घातला आणि घाटाच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सगुणाची होडी!" दुसरा घाव, "माज्या सगुणाची होडी!" तिसऱ्या घावाला त्यांचा आवाज फाटला, पण घाव बरोबर बसला. पैसा लाकडात रुतला.

बाबू नानांनी वाकून बोटाने तो दाबून पाहिला. मग सरळ उभे राहिले. "पडलं तांबं," ते म्हणाले. "आता कुनी बोलायचं न्हाई."

साहेबांना यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी पुन्हा विचारलं, "हरकत?"

बावीस माणसं पाण्याकडे बघत होती. एकही हात वर गेला नाही. चेअरमननी मागे वळून पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. मग ते हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव सांगायला लावलं, मी सांगितलं. त्यांनी सही केली. मी पाठ पुन्हा पाण्यात लोटली आणि होडीत चढले.

"चला, झाली तुजी होडी," चेअरमन म्हणाले आणि पुढे आले. त्यांनी एक पाय होडीत टाकला, दुसरा काठावर, आणि पडद्यावर हात ठेवला. "पर मशीनचं असं हाय, पोरी. मासा कुठं दिसतोय ते सगळ्या सोसायटीच्या कामाचं हाय. माजा पोरगा रोज तुज्यासंगं येईल. त्यो मशीन बगील, तू जाळं वड. तुला बी सोबत."

मला वाटतं त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. ते चेअरमन होते आणि मला त्याच घाटावर जन्म काढायचा होता. पण मला भीती वाटली नाही. मी मोटरची दोरी हातात घेतली.

"चेअरमन, पडद्यावरचा हात काढा."

"आं?"

"हात काढा. आणि एक पाय होडीत, एक काठावर, असं उभं राहू नका. मी मोटर चालू करतेय. बसायचं असेल तर जाळं ओढायला बसा. नाहीतर उतरा."

घाटावर कुणीतरी खोकलं. मी दोरी ओढली, मोटर पहिल्याच झटक्याला लागली, होडी पुढे सरकायला लागली आणि चेअरमनचे पाय एकमेकांपासून लांब जायला लागले.

ते उतरले. आत्याबाईंनी हातोडी आत टाकली, लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं, पाण्यात शिरल्या आणि चेअरमनच्या जागेवर चढून बसल्या.

"जाळं कुठाय?" त्या म्हणाल्या.